चित्रात न काढलेली गोष्ट

राजा रविवर्मा यांचं शकुंतलेचं चित्र बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. रानातली वाट, सोबत सख्या, आणि पायात रुतलेला काटा काढायच्या निमित्ताने मागे वळून पाहणारी शकुंतला. दुष्यंत चित्रात नाही. पण ज्याला कथा ठाऊक आहे त्याला चौकटीबाहेर उभा असलेला राजा दिसतो, काट्याचा बहाणा कळतो. पुढे येणारा शाप, हरवणारी अंगठी, राजाला पडलेला विसर हे सगळं त्या वळलेल्या मानेपाशी गोळा होतं. ज्याला कथा ठाऊक नाही त्याला पायातला काटा काढणारी एक देखणी तरुणी दिसते, एवढंच.

कथनात्मक चित्रकला समजून घ्यायची तर या फरकापासून सुरुवात करावी. कीर्तनकाराच्या हाताशी रात्र असते, चित्रकाराच्या हाताशी एक स्थिर चौकट असते. त्यामुळे तो आपल्या मनात आधीपासून असलेल्या गोष्टींवर काम करतो. त्यासाठी तो प्रामुख्याने तीन ठिकाणी जातो. पहिलं रूपक, म्हणजे न्याय, मत्सर, स्वातंत्र्य, देश अशा डोळ्यांना न दिसणाऱ्या कल्पनांना अंगकाठी आणि चेहरा देणं. दुसरं लोककथा, जी कुणा एकाने लिहिलेली नसते, पिढ्यांच्या तोंडून घडलेली असते. तिसरा इतिहास, म्हणजे खरोखर घडलेली घटना, जिला तारीख असते आणि जिच्यात खरी माणसं मेलेली असतात. मोठ्या चित्रांत ही तिन्ही बहुतेक वेळा एकमेकांत मिसळलेली असतात. माझ्या मते चित्रकाराला जे म्हणायचं असतं ते या ओळखीच्या सामग्रीत त्याने केलेल्या फेरफारात सापडतं. त्याने काय गाळलं, काय वाढवलं, कुठल्या क्षणी गोष्ट थांबवली, हे पाहत गेलं की चित्र उलगडू लागतं.

आधी क्षणाबद्दल. स्थिर चित्रात काळ आणायचा कसा, या प्रश्नाला दोन जुनी उत्तरं आहेत. एक उत्तर अजिंठ्याच्या भिंतींवर आहे. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची कथा रंगवली आहे. दानाचं व्रत घेतलेला राजपुत्र राज्याचा हत्ती देऊन टाकतो, वनवासाला जातो, पुढे मुलं आणि पत्नीसुद्धा देऊन टाकतो. एकाच भिंतीवर विश्वंतर पुन्हा पुन्हा दिसतो, आणि पाहणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांनी अनेकदा प्रसंग काळाच्या क्रमाने न मांडता जागेच्या हिशेबाने मांडले. राजवाड्यात जे जे घडलं ते एकत्र, रानात जे जे घडलं ते दुसरीकडे. गोष्ट आधीच माहीत असलेल्या भक्ताला क्रम सांगायची गरज नव्हती. इटलीत मसाचो या चित्रकाराने १४२५ च्या सुमारास फ्लॉरेन्समधल्या ब्रांकाची चॅपेलच्या भिंतीवर कराच्या नाण्याची बायबलमधली कथा अशीच रंगवली. तिथे संत पीटर एकाच चित्रात तीनदा भेटतो.

दुसरं उत्तर म्हणजे एकच क्षण निवडणं, पण असा की त्यात आधीचं आणि नंतरचं दोन्ही मावेल. जर्मन विचारवंत लेसिंग यांनी १७६६ मध्ये याची नीट मांडणी केली. चित्रकाराने भावनेचा कळस रंगवू नये, कारण कळसानंतर पाहणाऱ्याच्या कल्पनेला जायला जागाच उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. शकुंतला मागे वळते तो असाच क्षण.

आता रूपक. या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण रूपकाबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज दिसतात. रूपकचित्र म्हणजे कोडं, तराजू म्हणजे न्याय, वाळूचं घड्याळ म्हणजे काळ, कवटी म्हणजे मृत्यू, यादी पाठ केली की चित्र सुटलं, असा समज असतो. यादी उपयोगी असते, पण ती फक्त दार उघडते.

डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात १६१६ च्या सुमाराचं एक मुघल लघुचित्र आहे. चित्रकार अबुल हसन. बादशहा जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. तो गोल बैलाच्या पाठीवर आणि बैल माशावर. समोर भाल्याच्या टोकावर एक छाटलेलं मस्तक लावलेलं आहे, त्यावर घुबड बसलं आहे, आणि बादशहाने धनुष्य ताणून त्या मस्तकावर नेम धरला आहे. मस्तक आहे मलिक अंबरचं.

इतिहास काय सांगतो? आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने गनिमी काव्याने मुघल फौजांना वर्षानुवर्षं दख्खनमध्ये जेरीस आणलं, खडकी (पुढचं औरंगाबाद) वसवली, आणि १६२६ मध्ये म्हातारपणी मरण पावला. त्याचं मस्तक जहांगिराच्या हाती कधीच लागलं नाही. म्हणजे चित्रात आहे ते घडलेलंच नाही, आणि ते घडलेलं नाही म्हणूनच ते रंगवावं लागलं. रणांगणावर जो विजय मिळत नव्हता तो रूपकाच्या प्रदेशात मिळवला गेला. गोल, बैल, मासा या खुणा सांगतात की बादशहा सगळ्या विश्वाच्या व्यवस्थेचा धनी आहे. घुबड सांगतं की शत्रू अभद्र, अंधाराचा आहे. एका सेनापतीशी चाललेलं, न संपणारं युद्ध या खुणांमुळे प्रकाश आणि अंधार यांचं युद्ध होऊन जातं. अबुल हसनच्या कुंचल्याची नजाकत पाहून थक्क व्हायला होतं, आणि त्याच वेळी हे चित्र सत्तेच्या अस्वस्थतेचा किती मोठा पुरावा आहे हेही जाणवतं.

याच चित्रकाराचं १६१८ च्या आसपासचं दुसरं चित्र वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहात आहे. जहांगीर इराणच्या शाह अब्बासला मिठी मारतो आहे. दोघांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नव्हती. चित्रावरचा मजकूर हे बादशहाला पडलेलं स्वप्न असल्याचं सांगतो. दोघांच्या पायाखाली पृथ्वीचा गोल, त्यावर सिंह आणि कोकरू शेजारी शेजारी पहुडलेले. शांततेचं जुनं रूपक. पण नीट पाहिलं तर जहांगिराच्या पायाखालचा सिंह ऐसपैस पसरत अब्बासच्या कोकराला पश्चिमेकडे सरकवतो आहे. धिप्पाड जहांगीर आणि त्याच्या मिठीत आक्रसलेला अब्बास यांच्या देहांतही तेच आहे. मैत्रीच्या चित्रात वर्चस्व असं हळूच ठेवलेलं असतं. १६२२ मध्ये शाह अब्बासने कंदाहार जिंकून घेतलं, हे माहीत असलं की ती मिठी आणखी निराळी दिसते.

रूपकात फेरफार करून केवढं बोलता येतं याचं मला सगळ्यात प्रिय असलेलं उदाहरण आर्तेमिसिया जेंतिलेस्की या इटालियन चित्रकर्तीचं आहे. त्या काळी युरोपात चेझारे रिपा यांनी रचलेला रूपकांचा एक कोश चित्रकारांच्या हाताशी असे. तो पहिल्यांदा १५९३ मध्ये निघाला. कुठली कल्पना कशी रंगवायची ते त्यात नोंदवलेलं होतं. ‘चित्रकला’ कशी दाखवायची? विस्कटलेल्या काळ्या केसांची स्त्री, गळ्यात सोन्याची साखळी, साखळीला मुखवटा, अंगावर रंग पालटणारं वस्त्र, आणि तोंडावर बांधलेलं फडकं, कारण चित्रकला मुकी असते. आर्तेमिसियाने १६३८–३९ च्या सुमारास रंगवलेल्या चित्रात साखळी आहे, मुखवटा आहे, विस्कटलेले केस आहेत, उजेडात रंग बदलणारी बाही आहे. तोंडावरचं फडकं नाही. आणि ती स्त्री दुसरी कुणी नसून आर्तेमिसिया स्वतः आहे, एका हाताने कॅनव्हासकडे झेपावलेली, कामात गढलेली.

इथे दोन गोष्टी एकदम घडतात. कोशातली चित्रकला नेहमी स्त्रीच असे, पण कुंचला हातात घेणारे बहुतेक सगळे पुरुष. त्यामुळे आपलं आत्मचित्र आणि चित्रकलेचं रूपक एकाच देहात रंगवण्याची वाट पुरुष चित्रकाराला मोकळीच नव्हती. तिने ती घेतली. दुसरं म्हणजे १६१२ मध्ये स्वतःवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात तिने रोममध्ये साक्ष दिली होती, आणि ती साक्ष खरी आहे की नाही हे तपासण्यासाठी तिची बोटं दोरीने आवळली गेली होती. अशा बाईच्या चित्रात तोंडावरचं फडकं नसणं माझ्या नजरेला किरकोळ वाटत नाही.

देश किंवा स्वातंत्र्य स्त्रीच्या रूपात दाखवण्याची रीतही याच परंपरेतली. अवनींद्रनाथ टागोर यांनी १९०५ मध्ये, वंगभंगाच्या दिवसांत, जलरंगात ‘भारतमाता’ रंगवली. भगव्या वस्त्रातली चार हातांची तरुणी, हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, शुभ्र वस्त्र आणि जपमाळ. चार हात देवीचे, पण एकाही हातात शस्त्र नाही. विद्या, अन्न, वस्त्र आणि दीक्षा एवढंच ती देऊ करते. पुढच्या काळात भारतमातेच्या हाती तलवारी, त्रिशूळ आले, शेजारी सिंह आला. ते पाहिल्यावर अवनींद्रनाथांनी काय गाळलं होतं ते लख्ख कळतं.

फ्रेंच चित्रकार देलाक्रवा यांच्या १८३० च्या, त्याच वर्षीच्या पॅरिसमधल्या उठावावरच्या चित्रात स्वातंत्र्यदेवता पॅरिसच्या रस्त्यावर, अडथळ्यांच्या ढिगाऱ्यावरून चालून येते. एका हातात फ्रान्सचा तिरंगा, दुसऱ्यात संगीन लावलेली बंदूक. तिचा उघडा ऊर जुन्या ग्रीक मूर्तींची आठवण देणारा. पण तिच्या पायाशी पडलेलं प्रेत अगदी खऱ्या माणसाचं आहे, अर्धं नागवं, पायात एकच मोजा. कल्पनेचा देह आणि मेलेल्या माणसाचा देह एकाच चौकटीत ठेवल्यामुळे हे चित्र आजही अंगावर येतं. सरकारने ते विकत घेतलं आणि थोड्याच काळात लोकांच्या नजरेआड केलं. आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. ज्या देशाने स्वातंत्र्याला स्त्रीचं रूप दिलं तिथल्या स्त्रियांना मतदानाचा हक्क १९४४ मध्ये मिळाला. रूपकातल्या स्त्रीची पूजा आणि खऱ्या स्त्रीची वंचना एकाच काळात सुखाने नांदू शकतात.

लोककथेकडे वळलं की चित्रकाराला वेगळी मोकळीक मिळते. तिला एक प्रमाण पाठ नसतो. गावागणिक पात्रं बदलतात, शेवट बदलतात, त्यामुळे तिच्यात हात घालताना मूळ बिघडवल्याचा आळ येत नाही. शिवाय लोककथा भीती, भूक, मत्सर, आईबापांचा दुष्टपणा असल्या गोष्टी थेट बोलून दाखवते.

फिनलंडचे आक्सेली गालेन-काल्लेला यांचं १८९७ चं चित्र घ्या. फिन लोकगीतं गोळा करून एलियास ल्योन्रूट यांनी ‘कालेवाला’ हे महाकाव्य सिद्ध केलं होतं, पहिली आवृत्ती १८३५ ची, वाढवलेली १८४९ ची. त्यातल्या लेम्मिनकाइनेन या वीराचे तुकडे करून मेलेल्यांच्या जगातल्या नदीत फेकले जातात. त्याची आई दाताळं घेऊन नदी उपसते, तुकडे गोळा करते, जोडते, आणि प्राण परत आणणारा मध आणायला मधमाशीला आकाशात पाठवते. चित्रकाराने निवडलेला क्षण पाहा. देह जोडून झाला आहे, मुलगा काठावरच्या दगडांवर निपचित पडला आहे, आई शेजारी बसून वर पाहते आहे. मधमाशी अजून परतलेली नाही. काळं पाणी, त्यात हंस, काठावर हाडं आणि कवट्या. आईसाठी चित्रकाराने स्वतःच्या आईलाच समोर बसवलं होतं. ख्रिस्ताचा देह मांडीवर घेतलेल्या मेरीची चित्रं पाहिलेल्या युरोपीय माणसाला ही बैठक लगेच ओळखू येते. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्यात होता, १९१७ पर्यंत राहिला. तुकडे झालेला, जोडलेला, पण अजून जिवंत न झालेला देह त्या वेळच्या फिन माणसाला कशाची आठवण देत असेल, हे वेगळं सांगायला नको. झेंडा नाही, सैनिक नाही. लोककथा आपल्या जागी ठेवूनच चित्र देशाबद्दल बोलतं.

या वाटेवर एक धोका आहे. राष्ट्र घडवायच्या उत्साहात लोककथेची अनेक तोंडं बंद होतात आणि एकच रूप ‘खरं’ ठरतं. एखादं चित्र इतकं गाजतं की पुढच्या पिढीला ते पात्र दुसऱ्या कुठल्या चेहऱ्याने आठवतच नाही. तैलचित्रांच्या छापील प्रती घरोघर गेल्यावर आपल्या देवदेवतांचंही हेच झालं.

पाउला रेगो (१९३५–२०२२) यांनी लोककथा उलट दिशेने वापरली. पोर्तुगालमध्ये, लिस्बनला, सालाझारच्या हुकूमशाहीत या चित्रकर्तीचं बालपण गेलं. बालगीतं, परीकथा, घरात ऐकलेल्या गोष्टी यांचा सगळा काळोख त्यांनी जागा ठेवला. १९८७ च्या एका चित्रात पोलिसाची मुलगी बापाच्या उंच काळ्या बुटात हात कोपरापर्यंत घालून तो बूट घासते आहे. घटना म्हणाल तर काहीच नाही. पण घर आणि हुकूमशाही यांचा संबंध त्या बुटात सगळा येतो. २००३ मध्ये इराक युद्धाच्या सुरुवातीला वर्तमानपत्रात आलेल्या एका छायाचित्रावरून त्यांनी मोठं पेस्टल चित्र केलं. छायाचित्रात स्फोटापासून पळणारी, किंचाळणारी लहान मुलगी होती. रेगोंच्या चित्रात माणसांना सशांची डोकी आहेत. माणसांचे चेहरे ठेवले असते तर तो परिणाम साधला नसता, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि चित्रासमोर ते पटतं. युद्धाची छायाचित्रं पाहायची आपल्याला सवय झालेली असते. बालपणीच्या गोष्टीतला ससा रक्ताळलेला पाहायची सवय मात्र कुणालाच नसते.

इतिहासाची जबाबदारी या दोन्हींपेक्षा जड, कारण तिथे चित्रकाराच्या आधी मेलेली माणसं उभी असतात. स्पॅनिश चित्रकार गोयांनी ‘३ मे १८०८’ हे चित्र १८१४ मध्ये रंगवलं, म्हणजे माद्रिदमध्ये फ्रेंच सैनिकांनी बंडखोरांना गोळ्या घातल्या त्यानंतर सहा वर्षांनी. बंदूकधाऱ्यांचे चेहरे दिसत नाहीत. जमिनीवरच्या कंदिलाचा सगळा उजेड पांढऱ्या सदऱ्यातल्या एका माणसावर पडतो. त्याचे हात क्रूसावरच्या ख्रिस्तासारखे पसरलेले, आणि उजव्या तळव्यावर खिळ्याच्या जखमेसारखी खूण. त्याचं नाव चित्र सांगत नाही. सामान्य माणसाच्या मरणाला धर्मचित्रातली जागा देण्याचं धाडस गोयांनी केलं, तेही कुठलाही देवदूत किंवा स्वर्ग न दाखवता.

पीटर ब्रूगेल यांनी १५६५–६७ च्या सुमारास हेरोद राजाने करवलेलं बालहत्याकांड रंगवलं. बायबलमधली बेथलेहेमची घटना, पण चित्रातलं गाव फ्लँडर्समधलं, बर्फाने झाकलेलं, आणि सैनिक चित्रकाराच्या स्वतःच्या काळातले. फ्लँडर्स ज्यात येई त्या नेदरलँड्सवर तेव्हा हॅब्सबर्ग घराण्याची सत्ता होती आणि १५६७ मध्ये ड्यूक ऑफ आल्बा फौज घेऊन तिथे उतरला. पुढे हे चित्र त्याच घराण्यातल्या सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्या संग्रहात गेलं. त्यानंतर चित्रातल्या बाळांवर रंग चढवला गेला. बाळांच्या जागी कुठे गाठोडी आली, कुठे खाण्याचे जिन्नस, कुठे गुरं आणि पक्षी. हत्याकांडाची लूटमार झाली. चित्र आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे, आणि वरच्या रंगाखाली बाळांच्या आकृती अंधूक दिसतात. मूळ रूप ब्रूगेलच्या मुलाने केलेल्या प्रतींमुळे कळतं. गाठोडं कवटाळून आकांत करणाऱ्या बायका मात्र तशाच राहिल्या, कारण रंग चढवणाऱ्याने वस्तू बदलली, चेहऱ्यावरचं दुःख बदलायचं राहून गेलं. जुनी धर्मकथा वर्तमानाबद्दल किती बोलत होती, हे त्या झाकापाकीवरून कळतं.

अनोळखी कथनचित्रासमोर उभं राहताना मला एक क्रम उपयोगी पडतो. आधी शीर्षक वाचायचं नाही. कोण कुणाकडे पाहतं आहे, उजेड कुणावर आहे, कुणाला पाठमोरं ठेवलं आहे, एवढं न्याहाळायचं. मग प्रसंगात न बसणारी वस्तू शोधायची, कारण रूपक बहुधा तिथे असतं: लढाईत उघड्या छातीची स्त्री, मिठीच्या चित्रात सिंह, युद्धात ससा. त्यानंतर शीर्षक आणि माहितीचा फलक वाचायचा, आणि कथा ठाऊक नसेल तर घरी जाऊन वाचायची. मग पुन्हा चित्राकडे येऊन कथेतलं काय चित्रात आलेलं नाही ते पाहायचं.

पिकासोंच्या ‘गेर्निका’वर हे करून पाहण्यासारखं आहे. २६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले आणि त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात जवळजवळ पावणेआठ मीटर रुंदीचं हे चित्र लागलं. त्यात घोडा आहे, बैल आहे, मेलेलं मूल घेऊन आक्रोश करणारी आई आहे, दिवा धरलेला हात आहे. विमान नाही, बॉम्ब नाही, कुणाचा गणवेश नाही. शीर्षक झाकलं तर गावही नाही आणि तारीखही नाही. मग ज्या ज्या ठिकाणी आकाशातून बॉम्ब पडले तिथल्या माणसांनी हे चित्र आपलं म्हणून हातात का धरलं, याचं उत्तर त्या गाळलेल्या गोष्टींत शोधता येतं.